मावशीचा लांब शब्द

पत्र थोडक्यात असं: साठी ओलांडलेल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्या, त्यांची धाकटी बहीण आणि भाची रोज रात्री फोनवरच्या ग्रुपमध्ये इंग्रजी शब्दांचा खेळ खेळतात. सात अक्षरं दिलेली असतात, त्यांतलं एक सक्तीचं. एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं, शब्द किमान चार अक्षरी हवा आणि ज्याला सगळ्यात लांब शब्द सापडेल तो जिंकला. ताईंचं शिक्षण मातृभाषेतून झालेलं. त्यांची गाडी पाच अक्षरांपुढे सरकेना. मग तीन महिन्यांपूर्वी त्यांना एक संकेतस्थळ सापडलं. तिथे अक्षरं टाकली की शब्दांची अख्खी यादी समोर येते. तेव्हापासून त्या रोज त्या यादीतला पहिला शब्द उचलतात आणि जिंकतात. भाची म्हणते, "मावशी, तुझं इंग्रजी कसलं भारी आहे गं!" गेल्या आठवड्यात तिनं नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र तपासायला पाठवलं. ताईंनी डोळे दुखत असल्याचं सांगून वेळ मारून नेली. आता त्या विचारतात: सगळं सांगून टाकू, की काहीतरी कारण काढून खेळच सोडू? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: "माझ्यासारखीला स्वतःच्या डोक्यानं असे शब्द कधी सापडतील का हो?"

ताई,

तुम्ही शेवटची ओळ जाता जाता लिहिलीत, पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा मला वाटलं की खरा प्रश्न तोच आहे. सांगू की नको, हे त्याच्या मागून येतं. "मला जमणारच नाही" हे मनात पक्कं नसतं, तर तुम्ही त्या यादीकडे वळलाच नसता. म्हणून आधी त्याचं उत्तर देते. हो, सापडतील. ते कसे, हे सांगण्याआधी तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या दोन गोष्टी मला बाजूला काढायच्या आहेत.

पहिली गोष्ट तुमची भाचीही धरून चालली आहे: ज्याला लांब शब्द येतात त्याचं इंग्रजी चांगलं. ही दोन वेगवेगळी कौशल्यं आहेत. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे स्क्रॅबलमधले, म्हणजे पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळवण्याच्या खेळातले, जगातले सर्वांत नावाजलेले खेळाडू. 2015 मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. 2024 मध्ये त्यांनी स्पॅनिशमध्येही तेच करून दाखवलं. शब्दांची यादी त्यांच्या डोक्यात होती, भाषा नव्हती. उलटही तितकंच खरं आहे. उत्तम, नेमकं इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाला सात सुट्या अक्षरांतून काहीच दिसत नाही, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

शब्दाच्या लांबीचाही दबदबा बाळगू नका. इंग्रजी शब्दकोशांतला सर्वांत लांब म्हणून सांगितला जाणारा शब्द पंचेचाळीस अक्षरी आहे. न्यूमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्कॅनो-कोनिओसिस. बारीक धूळ फुप्फुसात जाऊन होणाऱ्या रोगाचं हे नाव. तो वैद्यकातून आलेलाच नाही. 1935 मध्ये अमेरिकेतल्या शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांनी, एव्हरेट स्मिथ यांनी, मुद्दाम लांब व्हावा म्हणून तो रचला. डॉक्टर आपले सिलिकोसिस म्हणतात आणि त्यांचं सगळं काम त्यावर भागतं.

दुसरी गोष्ट तुमची स्वतःची आहे. तुम्हाला वाटतं की ज्यांना लांब शब्द सापडतात त्यांना ते पाठ असतात, आणि लहानपणी पाठ झाले नाहीत म्हणून आता दार बंद झालं. स्पर्धेतले खेळाडू पाठ करतात, हे खरं. पण घरच्या खेळात कुणी बारा अक्षरं एका दमात आठवत नाही. तो तुकड्यातुकड्यानं जुळवतो. आणि हे तुम्ही मराठीत रोज करता. "अविश्वसनीयता" हा शब्द तुम्ही कधी पाठ केला होता? विश्वास माहीत होता, पुढे अ लागतो हे माहीत होतं, मागे नीय आणि ता लागतात हे माहीत होतं. इंग्रजीत अठ्ठावीस अक्षरांचा तो प्रसिद्ध शब्द आहे ना, अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, त्याच्या पोटात एकच साधा शब्द आहे, एस्टॅब्लिश. पुढे दोन उपसर्ग, मागे तीन प्रत्यय. तुमची पिढी व्याकरण शिकलेली आहे. उपसर्ग आणि प्रत्यय तोंडपाठ म्हणून घेतलेली पोरं तुम्ही. या खेळात ती शिदोरी कामाला येते, आणि आजवर तुम्ही ती उघडलीच नाही.

आता वही घ्या. तुमच्या खेळासारखाच एक संच घेऊन मी बसले होते: सी, ए, टी, आय, ओ, एन, यू. सक्तीचं अक्षर सी.

नुसतं टक लावून बघितलं तर कॅट, कॉट, कट, आउट असलं काहीतरी दिसतं, आणि तेही तीन अक्षरी, म्हणजे बाद. म्हणून बघत बसू नका. आधी शेपटी शोधा. या सातांत टी-आय-ओ-एन ही चारही अक्षरं आहेत, म्हणजे इंग्रजीतली सर्वांत उदार शेपटी हातात आली. ती कागदाच्या उजव्या कडेला लिहा आणि आता डावी बाजू भरा. ॲक्शन लगेच येतो. त्याच्यापुढे इन लावला की इनॲक्शन, आठ अक्षरं. नेशन आणि ट्यूशनही मनात येतील, पण त्यांत सी नाही, सोडून द्या. कॉशन आणि ऑक्शन येतील आणि ते दोन्ही सुंदर आहेत, कारण सातही अक्षरं त्यांत एकेकदाच येतात, एकमेकांची जागा बदलून. बहुतेक लोक इथे खूष होऊन थांबतात.

थांबू नका. शेपटी एक घर वाढवा: ए-टी-आय-ओ-एन. सायटेशन मिळतो. मग डोकं शोधा. सी-ओ-एन, कॉन, हा उपसर्ग आपल्या अक्षरांत आहे. डावीकडे कॉन, उजवीकडे एशन, मध्ये भोक. त्या भोकात टी, आय, एन, यू यांच्याशी खेळा. आणि कंटिन्युएशन समोर येतो. बारा अक्षरी, सातही अक्षरं वापरणारा, आणि कंटिन्यू हा शब्द तर तुम्ही शाळेत असल्यापासून वापरता आहात.

मग तो आधी का दिसला नाही? मला याचा उलगडा व्हायला बराच वेळ लागला. कंटिन्यूच्या शेवटी ई आहे, आणि आपल्या सातांत ई नाही. म्हणून मन तो शब्द उंबऱ्यावरूनच परत पाठवतं. पण एशन लागताना तो ई गळून पडतो. हे एक लक्षात ठेवलंत तरी तुमचा खेळ बदलेल: अक्षरांत ई नसेल तर ई-ने संपणारी क्रियापदं रद्द करू नका, शेपटी लावून बघा. क्रिएट, डोनेट, रोटेट, सगळ्यांचं हेच. याच संचात इनकँटेशन हा अकरा अक्षरी शब्दही आहे, मंत्रपठण अशा अर्थाचा. तो माहीत नसेल तर राहू द्या. अकाउंटंट तर माहीत आहे? तो दहा अक्षरी आहे, आणि फक्त सहा वेगळ्या अक्षरांवर उभा आहे. अक्षर पुन्हा वापरता येतं हे आपण विसरतो, आणि लांब शब्द बहुतेक वेळा तिथेच लपलेले असतात.

अमुक अक्षर हवंच, अशी अट ऐकली की माणूस घाबरतो. खरं तर अवघड अक्षर हीच सगळ्यात मोठी मदत असते, कारण अवघड अक्षरं ठरलेल्या जागीच राहतात. स्क्रॅबल रचणारे आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून ठरवलं की ई-च्या बारा सोंगट्या ठेवायच्या आणि क्यू-ची एक. ई-ला एक गुण, क्यू-ला दहा. पण ई शब्दात कुठेही बसते. तिच्यावरून काहीच कळत नाही. क्यू दिसला की मागोमाग यू जवळजवळ नक्की, आणि लांब शब्द हवा असेल तर इक्वि- हा "समान" अर्थाचा तुकडा मनात आणायचा: इक्वेशन, इक्विव्हॅलंट, इक्विलिब्रियम. नाहीतर क्वेन्स, क्वेंट ही शेपटी: कॉन्सिक्वेन्स, फ्रिक्वेंटली.

जे तर आणखी सोपा. तो शेवटी जवळपास कधीच नसतो. लांब शब्दात तो बहुधा दोन लॅटिन धातूंसोबत येतो, "फेकणं" अर्थाचा जेक्ट आणि "जोडणं" अर्थाचा जंक्ट. पुढे इन, ऑब, प्रो, सब, कॉन यांतलं काही लावत जा. इंजेक्शन, ऑब्जेक्शन, प्रोजेक्शन, सब्जेक्टिव्ह, कंजंक्शन. व्ही असेल तर आय-व्ही-ई किंवा आय-व्ही-आय-टी-वाय ही शेपटी बघा, प्रॉडक्टिव्हिटीसारखी. वाय शेवटी असतो, नाहीतर मध्ये असला तर शब्द ग्रीक घरातला असण्याची शक्यता मोठी: सायकॉलॉजी, हायड्रोजन. एच शब्दाच्या सुरुवातीला नसेल तर सहसा एकटा फिरत नाही, सी, एस, टी, पी, जी यांतला सोबती शोधा. झेडसाठी आय-झेड-ई आणि त्यावरून होणारी आय-झेड-ए-टी-आय-ओ-एन ही सात अक्षरी शेपटी. ऑर्गनायझेशन एस-नंही लिहितात हे तुम्हाला माहीत असेल. पण ऑक्सफर्डचा शब्दकोशच झेडचं स्पेलिंग देतो, तेव्हा ते फक्त अमेरिकन म्हणून कुणी हरकत घेतली तर ऐकून घेऊ नका.

के आणि डब्ल्यू यांच्याबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं, कारण इथे शेपट्यांची सवय घात करते. लॅटिनमध्ये डब्ल्यू नव्हता आणि के नावापुरता होता. म्हणून एशन आणि इव्हिटीवाल्या विद्वान शब्दांत ही दोन अक्षरं सहसा भेटत नाहीत. ती इंग्रजीच्या जुन्या, घरगुती शब्दांत राहतात, आणि ते शब्द आखूड असतात. त्यांना लांब करायचं तर नेस, फुल, शिप असे घरगुती प्रत्यय लावायचे, थँकफुलनेस किंवा वर्कमनशिपसारखे. किंवा दोन आखूड शब्द एकमेकांना चिकटवायचे. बुककीपर घ्या. दहा अक्षरं, आणि ओ-ओ, के-के, ई-ई अशा तीन जोड्या सलग. के हातात असताना एशन शोधत बसलेली व्यक्ती अर्धा तास फुकट घालवते.

कधी सातच अक्षरांची अट सोडून, अक्षर पुन्हा वापरायचं नाही असाही नियम ठेवून बघा. तेव्हा मजल पंधरा अक्षरांच्या आसपास संपते. अनकॉपीराइटेबल हा त्यातला गाजलेला शब्द, एकही अक्षर दोनदा नाही, आणि तोही चार साध्या तुकड्यांचा.

हाताचं एक काम सांगते. अक्षरं एका ओळीत लिहू नका. ओळीत लिहिली की डोळा ती त्याच क्रमानं वाचत राहतो. गोलात लिहा, किंवा चिठ्ठ्या करून टेबलावर सरकवा. कोडी सोडवणारे लोक कित्येक वर्षं गोलातच लिहीत आले आहेत. फोनवर खेळत असलात तरी शेजारी कागद ठेवा.

आता त्या यादीबद्दल. तिला मी पाप म्हणणार नाही. ते यंत्र करतं काय? त्याच्याजवळ लाखो शब्द असतात. प्रत्येक शब्दाला ते दोन प्रश्न विचारतं: तुझ्यात या सातांबाहेरचं अक्षर आहे का, आणि सक्तीचं अक्षर आहे का? जे नापास होतात ते गाळतं आणि उरलेले लांबीनुसार मांडतं. अर्थ त्याला ठाऊक नाही, आणि तीन महिन्यांत त्यानं तो तुम्हालाही शिकवला नाही. तुम्ही टाकलेल्या शब्दांपैकी किती शब्द आज आठवतात, एकदा स्वतःशी मोजून बघा. मला वाटतं, तुम्हाला जी टोचणी आहे ती फसवण्याइतकीच याचीही आहे. खेळातला जो भाग मेंदूला गोड लागतो, ते तुकडे सरकवणं, अडणं आणि मग एकदम दिसणं, तेवढाच भाग यंत्रानं तुमच्याकडून काढून घेतला. जिंकणं ठेवलं आणि चव नेली.

यादी ठेवा, फक्त तिची वेळ बदला. खेळ संपल्यावर उघडा. उघडतानाही सगळी एकदम वाचू नका. वरचा शब्द हातानं झाका, किती अक्षरी आहे तेवढं बघा. मग पहिलं अक्षर बघा आणि पाच मिनिटं झगडा. तरी नाही दिसला तर हात काढा, शब्दाचे तुकडे वहीत वेगळे लिहा आणि त्यांतला एखादा तुकडा दुसऱ्या कुठल्या माहीत असलेल्या शब्दात आहे का ते शोधा. कित्येक शोधयंत्रांत अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांच्या जागी तारांकन टाकता येतं. तारांकन टाकून पुढे जेक्ट लिहिलं की त्या शेपटीचं सगळं कुटुंब दिसतं. असं वापरलेलं यंत्र शिक्षक असतं. रोज एकच कुटुंब घ्या, जास्त नको.

आणि तिघींनी मिळून एक शब्दकोश ठरवून टाका. स्क्रॅबलमध्येसुद्धा उत्तर अमेरिकेत एक यादी चालते आणि इतर बहुतेक ठिकाणी दुसरी, आणि एका यादीतले काही शब्द दुसरीत नसतात. घरात यावरून उगाच वाद होतात.

आता सांगण्याबद्दल. खेळ सोडू नका. काही कारण काढून बाजूला झालात तर भाचीच्या मनात तुमचं खोटं इंग्रजी तसंच राहील आणि रोजचं बोलणं मात्र जाईल. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्या तिघींच्या रात्रीच्या गप्पा या खेळाच्या आधारानंच चालतात. सांगा, आणि लवकर सांगा, कारण आता हे शब्दांपुरतं राहिलेलं नाही. ती तुमच्या भरवशावर नोकरीच्या अर्जाचं पत्र पाठवते आहे. तुम्ही डोळ्यांचं कारण दिलंत, उद्या ती आणखी काही पाठवेल, आणि एखाद्या दिवशी तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. त्या पत्रात चूक राहिली तर नुकसान तिचं होईल.

ग्रुपवर आधी लिहू नका. आधी भाचीला फोन करा, एकटीला, कारण विश्वास तिनं टाकला आहे. लांबण लावू नका. असं काहीसं म्हणा: "बाळा, गेले तीन महिने मी लांब शब्द एका साइटवरून काढून टाकत होते. मला स्वतःला सुचत नव्हते आणि तुम्हा दोघींपुढे कमी पडायला नको वाटत होतं. तुझं पत्र म्हणूनच तपासलं नाही, माझे डोळे ठीक आहेत. ते दुसऱ्या कुणाकडून तरी नक्की तपासून घे." बस. वयाचं, माध्यमाचं, शिक्षणाचं पुढे काही जोडू नका. ते जोडलं की ती तुमची समजूत घालायला लागेल आणि मुख्य गोष्ट वाहून जाईल. ती गप्प झाली तर गप्प राहू द्या. हसली तर तुम्हीही हसा. धाकट्या बहिणीला दुसऱ्या दिवशी सांगा. धाकट्या बहिणींना असं काही आधीच कळलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

माफी मागून झाल्यावर लगेच पुढचा डाव मांडा. पहिली वीस मिनिटं कुणीच काही उघडायचं नाही, मग तिघींनी मिळून यादी उघडायची आणि न सापडलेल्या एका शब्दाचे तुकडे करायचे, असा नवा नियम तुम्हीच सुचवा. मनाची तयारी ठेवा, पहिले काही आठवडे तुम्ही हराल. सहा अक्षरी शब्द सापडला तर तो सहा अक्षरीच टाका.

तुमच्यासारखी पत्रं लिहिणारे आणखी काही वाचक आहेत. कुणी मुलाबरोबर खेळतात, कुणी कार्यालयातल्या मित्रांबरोबर, आणि यादीची चोरी जवळपास सगळ्यांनी एकदा तरी केलेली असते. त्यांनाही माझं हेच सांगणं आहे, फोनपासून वहीपर्यंत सगळं.

फोन करून झाला की त्या रात्री तिघींसाठी हा संच घाला: डब्ल्यू, ओ, आर, के, एल, ए, डी. सक्तीचं अक्षर के. आठ अक्षरी शब्द आहे, सातही अक्षरं वापरणारा, आणि तुम्ही नोकरीत असताना तो दर आठवड्याला ऐकला असणार. के आणि डब्ल्यू दोन्ही आहेत, म्हणजे शेपटी शोधायची नाही. दोन आखूड शब्द शोधायचे.